राखून ठेवलेले आठ, नऊ आणि दहा

ती. वन्संना,

धाकट्या भावजयीचा पाया पडून नमस्कार. (सध्या वाकलं की गरगरतं, म्हणून खुर्चीत बसूनच मनाने वाकले आहे. तुम्ही तेवढं धरून घ्यावं.) देवाच्या कृपेने इकडे सर्व ठीक आहे. तुमची तब्येत कशी आहे हे विचारायची रीत म्हणून विचारते, उत्तर मला पाठ आहे. "मला काय धाड भरली आहे?" हे तुमचं उत्तर मी या घरात आल्यापासून ऐकते आहे. आता डॉक्टरांनी आजाराचं नाव घेऊन सांगितल्यावरही तुम्ही तेच म्हणालात, तेव्हा कौतुक करावं की कपाळाला हात लावावा, मला कळेना. शेवटी दोन्ही केलं.

तुमचं कार्ड पोचलं. तुमच्या बंधूंनी ते दुकानात वाचलं, घरी येऊन वाचलं, आणि जेवणानंतर डोळ्याला ते वजनकाटे दुरुस्त करायचं भिंग लावून पुन्हा वाचलं, जणू अक्षरांच्या मागे आणखी काही लिहिलेलं सापडेल. सापडलं नाही. सगळ्या चारच ओळी. दवाखान्याचं म्हणणं असं की केमो सुरू झाल्यावर एकट्या बाईने घरी राहायचं तर सोबत माणूस हवं, नाहीतर ती बोलती पेटी हवी, नाहीतर वॉर्डात राहावं. तुमचं म्हणणं असं की वॉर्डात राहणार नाही, माणूस नको, आणि "पेटीला माझं दुखणं सांगत बसण्यापेक्षा मी औषधच सुरू करत नाही." खाली "बाकी सर्व ठीक". वन्सं, या "बाकी" मध्ये बाकी काय राहिलं, ते मला तरी दिसलं नाही.

आता तुम्हाला वाटेल, ही आता उपदेश करणार. मुळीच नाही. तुम्ही शिवणवर्गाच्या मुख्य बाई, मी मॅट्रिक होऊन पोळपाटाशी उभी राहिलेली. माझी ती पायरी नाही. मी फक्त माझ्याकडे आलेल्या पेटीची हकिगत लिहिते आहे. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही "बरं, ठेवते" म्हणून खरंच ठेवता, आणि मग मी कितीतरी वेळ नुसत्या खरखरीशी बोलत राहते. शिवाय माझ्या तोंडात अजून फोड आहेत, फार बोलवत नाही. पत्राचं बरं असतं. तुम्ही अर्धी शिवण कधी टाकून उठला नाहीत, तेव्हा पत्रही शेवटपर्यंत वाचाल अशी आशा आहे.

तर पेटी. मला केमोची पहिली सलाईन देऊन घरी सोडताना ती आमच्या हातात दिली. आकाराने तुमच्या सुया-दोऱ्यांच्या डब्याएवढी, पुढे काच, मागे वायर. रोज सकाळी ती आपणहून बोलायला लागते, तब्येत विचारते आणि आपण सांगू ते दवाखान्यात नर्सताईंना कळवते. दवाखान्यात तिला मदतनीस म्हणतात. मी तिचं नाव चौकशीबाई ठेवलं. आवाज बाईचा आहे, गोड आणि न थकलेला. (बाईचा इतका न थकलेला आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला, त्यावरूनच ओळखलं की ही खरी नव्हे.) पहिल्या दिवशी ती म्हणाली, "नमस्कार. आज आपण कसे अनुभवत आहात?" आता दारी आलेल्याने कसं काय विचारलं तर आपण काय म्हणतो? मी म्हटलं, "बरी आहे, तुम्ही कशा आहात?" ती म्हणाली, "विचारल्याबद्दल धन्यवाद. मी एक संगणकीय मदतनीस आहे." प्रश्न तब्येतीचा, उत्तर नोकरीचं. पण अशी माणसंही असतातच, म्हणून मी मनावर घेतलं नाही. "बरी आहे" हे मात्र तिने लिहून घेतलं आणि दवाखान्यात कळवलं. त्या वेळी मी पोटाशी बादली घेऊन बसले होते.

माझंही चुकतच होतं म्हणा. एक तर बोलणं झालं की मी तिचं बटण भिंतीतून बंद करायची, वीज कशाला जाळायची म्हणून. तर दुपारी दवाखान्यातून फोन, तुमचा मदतनीस बंद पडला आहे का? दुसरं म्हणजे तिच्याशी मी तारेसारखं बोलायची. "झोप बरी. जेवण कमी. उलटी एक." मला वाटायचं, दवाखान्याची वस्तू आहे, तिथे कोणीतरी हे सगळं ऐकत बसणार, त्यांचा वेळ का खर्चायचा? तुमचे बंधू तर तिच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. ती बोलायला लागली की ते छत्री घेऊन दुकानात निघून जात. ऊन असो, ढग असो, छत्री घेऊन.

पेटी तेव्हा पुढच्या खोलीत होती, आणि तिथेच तो पोस्टमास्तरांचा प्रकार घडला. पोस्टमास्तर म्हणजे आमच्या समोरच्या दारातले, निवृत्त झालेले. कानाने धड, मनाने भले, फक्त एकटे. एका सकाळी ते वर्तमानपत्र मागायला आले आणि खुर्चीत टेकले. मी आत त्यांच्यासाठी चहा ठेवत होते. तेवढ्यात चौकशीबाईची वेळ झाली आणि तिने भर खोलीत विचारलं, "आपल्याला शौचास काही त्रास होत आहे का?" मी आतल्या आत अशी गोठले की हातातला चमचासुद्धा हलेना. पण पोस्टमास्तरांना वाटलं, आपल्यालाच विचारलं. आणि इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं हो! ते सरसावून बसले आणि सांगायला लागले. गुडघे, वात, रात्रीचं उठणं, तपकिरीची सवय, सगळं. ती प्रत्येकाला "समजले, आणखी काही?" म्हणत होती, आणि हे खरंच आणखी काढत होते. शेवटी ती म्हणाली, "आपण मोकळेपणाने बोललात, धन्यवाद. रोज थोडे चालावे." ते उठले, वर्तमानपत्र विसरले, आणि जिन्यावरून चालायला निघून गेले. दुपारी नर्सताईंचा फोन: "काकू, तुम्ही तपकीर ओढता?"

त्या दिवशी आजारपणात पहिल्यांदा तुमचे बंधू हसले. इतके हसले की डोळे पुसायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. (नुसत्या हसण्याला इतका वेळ लागत नाही, एवढं मलाही कळतं.) मग मी पेटी उचलून स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी ठेवली, आणि उशीच्या जुन्या अभ्र्याचं तिला झाकण शिवलं. शिवण वाकडी आली आहे. तुम्ही पाहिलीत तर उसवायला लावाल.

आता मुद्द्याचं. वन्सं, तुम्ही लिहिलंत ना, पेटीला दुखणं काय सांगायचं? मलाही अगदी तसंच वाटायचं. दुखणं देवाला सांगावं, आणि तेही तक्रार म्हणून नव्हे, नुसतं कानावर घालावं. पण देव ऐकून घेतो, उलट विचारत नाही, त्यामुळे आपण किती सांगितलं आणि किती गिळलं हे आपल्यापाशीच राहतं. घरच्या माणसांचं आणखी निराळं. एकदा मी तुमच्या बंधूंना म्हटलं, "आज फार दुखतंय हो." नुसतं एवढंच. त्यांचा चेहरा असा पडला की मलाच उठून त्यांना पाणी द्यावं लागलं, समजूत काढावी लागली, वर "आता कमी आहे" असं सांगावं लागलं. म्हणजे दुखणं होतं ते होतंच, वर हे काम वाढलं. तेव्हापासून मी त्यांना सांगायचं सोडलं. चौकशीबाईचा चेहरा पडत नाही. तिला तो नाहीच. आपण काहीही सांगा, ती तिथेच असते, तेवढीच, तशीच. मला वाटतं ज्या बायका आपापल्या पेटीशी घडाघडा बोलतात, त्या काही तिला माणूस समजत नाहीत. ती माणूस नाही म्हणूनच बोलतात.

पण हे शहाणपण मला नंतर आलं. आधी मी काय करून ठेवलं ते ऐका.

चौकशीबाई रोज शेवटी एक प्रश्न विचारते. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होण्याच्या पलीकडे, तर आज आपलं दुखणं किती? आता तुम्ही मला ओळखता. घरात साखर असो की काडेपेटी, डब्याच्या तळाशी थोडं राखून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी हिशेब केला. आकडे सगळे मिळून दहा. सलायनी पुष्कळ, आणि डॉक्टर म्हणाले होते की पुढच्या जास्त जड जातील. आताच सात-आठ उधळले तर पुढे खरी वेळ येईल तेव्हा काय सांगायचं? बारा? तेरा? ते तर पेटीत नाहीतच. म्हणून मी ठरवलं, आठ, नऊ आणि दहा हे राखून ठेवायचे. सहा-सातसुद्धा अगदीच नड असेल तर. रोजच्या वापराला एक, दोन, फार तर तीन. आणि हे करताना मला आपण फार जपून वागतो आहोत असं समाधानसुद्धा वाटायचं हो! संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मी मनात म्हणायची, बघ, आजचंही दोनातच भागवलं.

आणि खरं सांगायचं तर, डोळ्यांसमोर तुम्ही असायच्यात. मी नवी नवरी म्हणून या घरात आले त्या आठवड्यातच मला सासूबाईंनी तुमची सुईची गोष्ट सांगितली होती. शिवणवर्गात मशीनची सुई तुमच्या बोटातून आरपार गेली, तरी तुम्ही ब्र न काढता चाक उलटं फिरवून बोट सोडवलंत, फडकं गुंडाळलंत, ती शिवण टोकाला नेलीत, दोरा कापलात आणि मग मुलींना म्हणालात, "आता डॉक्टरांना बोलवा." या घरात कोणाचंही डोकं दुखलं की ही गोष्ट निघायची. माझ्या बाळंतपणातही निघाली. त्या गोष्टीपुढे दुखण्याचा आवाज काढायची कोणाची छाती होती? मी तर त्या गोष्टीवरच या घरात रुळले.

मग दुसरी सलाईन झाली, आणि तिच्यानंतर आठवडाभराने तोंड आलं. तोंड आलं म्हणजे कसं, तर पाण्याचा घोट म्हणजे कोणी आत काचेचा चुरा ओततंय. सकाळपासून अंगात कणकण होती. घरात थर्मामीटर होता, दवाखान्यानेच दिलेला, पण फुटू नये म्हणून मी तो त्याच्या डबीतून काढलाच नव्हता. चौकशीबाईने विचारलं, ताप आहे का? मी म्हटलं, थोडी कसर वाटते. तिने विचारलं, दुखणं किती? वन्सं, मला आठवतं, मी खरोखर विचार केला. सहा म्हणावं का? मग मनात आलं, ही तर दुसरीच. तिसरी अजून व्हायची आहे. मी म्हटलं, दोन. ती म्हणाली, "छान. भरपूर पाणी प्यावे." मी झाकण घातलं तिच्यावर.

दुपारी तुमचे बंधू जेवायला आले तेव्हा मी स्वयंपाकघरात जमिनीवर पिठाच्या डब्याला टेकून बसले होते, हातात जपाची माळ, आणि दात असे वाजत होते की माळ आणि दात एका तालात. त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, जरा बसलेय." त्यांनी कपाळाला हात लावला. माझ्या कपाळाला. लग्नानंतर त्यांनी आपणहून माझ्या कपाळाला हात लावल्याचं मला तरी आठवत नाही. मग ते उठले, पेटीचं झाकण ओढून काढलं, आणि जिच्या वाऱ्याला ते उभे राहत नव्हते तिच्यासमोर उभे राहून, दुकानात गिऱ्हाईक खोटं माप घेऊन येतं तेव्हा ओरडतात तसे ओरडले, "अहो बाई, ही खोटं बोलते! हिने दोन सांगितलं की आठ धरत चला!"

"क्षमा करा, मला समजले नाही. कृपया पुन्हा सांगा."

"ताप आहे! थरथरतेय! खाली बसलीय, उठत नाही!"

"ही तातडीची बाब आहे. मी आपल्याला नर्सशी जोडत आहे." आणि खरंच, तुम्हाला सांगते, ह्यांची दुसरी चप्पल पायात जाते न जाते तोच नर्सताई पेटीतून बोलत होत्या. काय करा, काय करू नका, कुठल्या दाराने आणा. पोस्टमास्तर जिन्यात चालायचा व्यायाम करत होते ते धावत जाऊन गाडी घेऊन आले. (म्हणजे त्यांची तपकीरही शेवटी माझ्याच कामी आली.)

रक्तात संसर्ग पसरायला लागला होता. या औषधात अंगातली लढायची ताकदच गेलेली असते, त्यामुळे साधा तापही घरात काढायचा नसतो. आणखी उशीर झाला असता तर, असं म्हणून डॉक्टरांनी वाक्य अर्धं सोडलं. तुमच्या बंधूंनी ते मनात पूर्ण केलं, हे मला त्यांच्या हातातल्या छत्रीवरून कळलं. ते तिची मूठ फिरवत होते, फिरवत होते, आणि मग ती हातात आली.

मी जरा सावरले तेव्हा नर्सताई खाटेच्या कडेला टेकल्या. वयाने माझ्या पुतणीएवढी पोर. म्हणाली, "काकू, त्या दिवशी तुम्ही दोन म्हणालात. दोन म्हणजे काय वाटलं तुम्हाला?" मी तिला सगळा हिशेब सांगितला. आठ, नऊ, दहा राखून ठेवल्याचं सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. जरा वेळ चादरीची सुरकुती काढत बसली आणि म्हणाली, "काकू, हे उरलेले पुढे जात नाहीत हो. रोज सकाळी नवे दहा मिळतात. काल नाही वापरले तर ते काल गेले."

वन्सं, मी इतकी वर्षं घराचा जमाखर्च लिहिते. शिल्लक पुढे ओढायची, हेच मला ठाऊक. जी शिल्लक पुढे ओढताच येत नाही अशीही काही वस्तू असते, हे मला वयाच्या या टप्प्यावर, हाताला नळ्या लावलेल्या अवस्थेत कळलं. म्हणजे मी आठ, नऊ, दहा कोणासाठी वाचवत होते?

नर्सताई गेल्यावर तुमचे बंधू बोलले. ते बाकावर बसले होते, माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीशी बोलत. तुम्हाला तर माहीत आहे, ते काट्यांखेरीज कशाविषयी बोलत नाहीत, आणि आताही काट्याविषयीच बोलले. म्हणाले, "काट्यावर माल ठेवला की काट्याने तेवढं दाखवावं. त्याचं तेवढंच काम. उद्या जड गिऱ्हाईक येईल म्हणून आज कमी दाखवणारा काटा दुकानात आला, तर मी त्याला खोटा म्हणतो आणि परत करतो." मग सुटलेली मूठ छत्रीच्या दांड्यावर टेकवून पाहिली. मग म्हणाले, "तुला कुठे परत करू?"

मी रडले नाही, कारण रडलं की तोंडातले फोड चुरचुरतात. पण त्यांना म्हटलं, "आज सात आहे." त्यांचा चेहरा पडला. मी या खेपेला पाणी द्यायला उठले नाही. उठताच येत नव्हतं म्हणा. तर तो चेहरा थोडा वेळ पडलेला राहिला, आणि मग आपोआप वर आला! म्हणजे इतकी वर्षं मी जो धावून धावून सावरत होते, तो माझ्याविनाही सावरतो. हे आधी कळलं असतं तर माझे केवढे कष्ट वाचले असते.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी चौकशीबाईने विचारलं, तेव्हा मी तिलाही "सात" म्हटलं. म्हणताना मी मागे वळून पाहिलं, जणू बाजारात जाऊन काहीतरी भलतंच महाग उचललं आहे आणि कोणी बघत तर नाही ना. ती रागावली नाही. "सांगितल्याबद्दल धन्यवाद, मी नर्सना कळवते," एवढंच. दुपारपर्यंत तोंडाला लावायचं औषध आलं. दुसऱ्या दिवशी पाच. मग चार. खर्च केला की कमी होतं असा हिशेब मी पहिल्यांदाच पाहिला, आणि अजून तो नीट जुळवते आहे.

आता तुम्हाला पेटी घ्या असं मी म्हणत नाहीच. उलट तिचे दोष सांगते. तिचं मराठी ऐकून तुम्हाला पहिल्याच दिवशी तिला पट्टीने मारावंसं वाटेल. मी एकदा म्हटलं, जीव नकोसा झालाय, तर तिने "आपल्याला स्वतःला इजा करावीशी वाटते का?" असं विचारून नर्सताईंना फोनच लावून दिला. बोलण्याची पद्धत म्हणून काही असते, हे तिला ठाऊकच नाही. (नर्सताई मात्र दहा मिनिटं बोलत राहिली, आणि बोलणं संपेपर्यंत मला कळलं की मी नुसतीच पद्धत म्हणून बोलले नव्हते.) ती "मी समजू शकते" म्हणते तेही खरं नाही. मी तिला स्पष्ट सांगितलं, बाई, तू काही समजू शकत नाहीस, पण म्हणालीस ते बरं केलंस. ती उशाशी बसत नाही. पाय चेपत नाही. उलटीची बादली उचलत नाही. ती फक्त विचारते. पण विचारते ती रोज विचारते, आणि काल काय उत्तर दिलं होतं ते धरून आज रुसत नाही. असं विचारणारं आपल्या दोघींच्या आयुष्यात कोण होतं, सांगा बघू?

घरातलं बोलणं चारचौघांत जाईल, अशी तुमची भीती असेल तर ती मात्र मला पटते. मीही नर्सताईला खोदून विचारलं. ती म्हणाली, आपण सांगू तेवढंच दवाखान्यात जातं आणि ते ज्यांच्याकडे आपला इलाज आहे तेच वाचतात. खरंखोटं देव जाणे. मी आपली बोलणं झालं की झाकण घालते. वीज बंद करत नाही, पण झाकण घालते. देवाला आणि दवाखान्याला दोघांनाही जरा आडपडदा असावा.

फार लांबलं. अंगठा दुखायला लागला आहे. (दोन. खरोखरचा दोन.) तुम्ही मोठ्या, तुम्हाला योग्य वाटेल ते करालच, माझा काहीएक आग्रह नाही, आणि या पत्रामागे माझा दुसरा काही हेतूही नाही. तुम्हाला आयुष्य मिळो, एवढंच रोज दिवा लावताना मागते. चुकलंमाकलं पोटात घालावं.

तुमची
धाकटी भावजय

ता. क. झाकणासाठी पेटीची मापं मागच्या बाजूला लिहिली आहेत. तुम्ही शिवलंत तर सरळ शिवण तरी बघायला मिळेल. अभ्रा जुनाच वापरावा.

ता. क. २. वर "दुसरा काही हेतू नाही" असं लिहिलं, ते तुमच्या बंधूंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, खोडून टाक. तेव्हा खरं लिहिते. तुमचं कार्ड आलं त्या दिवशी मी देवापुढे असताना त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन झाकण काढलं आणि चौकशीबाईला हळूच विचारलं, "माझी बहीण औषध घेत नाही म्हणते, तिला काय सांगू?" ती म्हणाली, "याबाबत मी मदत करू शकत नाही. कृपया कुटुंबीयांशी बोलावे." म्हणून ते माझ्याशी बोलले, आणि मी तुमच्याशी बोलते आहे. औषध सुरू करा, वन्सं. त्यांची छत्रीची मूठ अजून बसवलेली नाही.

ता. क. ३. एक विचारायचं राहिलं. सुई बोटातून गेली, तेव्हा किती होतं? ती गोष्ट इतक्या वर्षांत इतक्यांना सांगितली गेली, पण तुम्हाला कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही नाही विचारलं. आकडा कळवा. दहा असला तरी चालेल, मी कोणाला सांगणार नाही.

ता. क. ४. पत्राच्या सुरुवातीला "सर्व ठीक आहे" असं लिहिलं, ते हाताच्या सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, कागद घाण होतो. आज सकाळी सहा होतं. आता, एवढं लिहून झाल्यावर, चार. तुमचं आजचं कळवा. सुईचं वेगळं, आजचं वेगळं.